सळईच्या टीसीवरचे ते बारीक आकडे

बांधकामावर सळ्यांचा ट्रक येतो, तेव्हा ड्रायव्हर चलनासोबत आणखी एक कागद देतो. साइटवर त्याला टीसी म्हणतात, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. सुपरवायझर तो फाइलला लावून टाकतो. घरमालक वजन बघतो, दर बघतो, फार तर कंपनीचा शिक्का बघतो. त्या कागदावर मधेच एक ओळ असते. समजा ती अशी आहे: कार्बन ०.२१, मँगनीज ०.६८, गंधक ०.०३२, फॉस्फरस ०.०३६. हे सगळे टक्के आहेत. शेवटचा आकडा घेतला, तर एक टन पोलादात फॉस्फरस फक्त ३६० ग्रॅम. हजार किलोंत दीड-दोन वाट्या साखर. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रयोगशाळा ठेवायची, मानकं लिहायची, माल परत पाठवायचा?

हो. कारण पोलाद बनवणाऱ्याची खरी डोकेदुखी काय घालायचं ही नसून काय काढता येईल आणि काय येणार नाही ही असते. आमटीत मीठ वाढवणं कोणालाही जमतं. जास्त झालेलं मीठ काढून दाखवा.

आधी कार्बन, कारण त्याच्याशिवाय पोलाद हा शब्दच नाही. शुद्ध लोखंड मऊ असतं. त्याचे अणू थरांमध्ये रचलेले असतात आणि जोर लावला की थर एकमेकांवरून सरकतात. कार्बनचा अणू लहान. तो लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत घुसतो आणि सरकण्यात अडथळा आणतो. अडथळे वाढले की धातू कडक होतो, आणि फार वाढले की ठिसूळ. बिडाच्या तव्यात ३ ते ४ टक्के कार्बन असतो, म्हणून तो हातातून फरशीवर पडला तर पोचा न येता सरळ फुटतो. गावचा लोहार कोयत्यासाठी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा शोधतो, कारण त्यात अर्धा-पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि म्हणून त्याला पाणी चढतं. साध्या पट्टीचा कोयता केला तर दोन दिवसांत धार वळते. घराच्या सळईत मात्र कार्बन पाव टक्क्याच्या आसपासच ठेवतात. ती वाकायला हवी, वेल्डिंग सोसायला हवी. टीएमटी सळईची ताकद जास्त कार्बनमधून येत नाही. लाल सळई मिलमध्येच पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांतून जाते, तिचं बाहेरचं कवच कडक होतं आणि गाभा मऊ राहतो. लोहाराचं पाणी देणंच ते, फक्त मोजून-मापून आणि काही सेकंदांत.

कार्बन जास्त झाला तर काही बिघडत नाही. वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजन फुंकला की तो जळून वायू होतो आणि निघून जातो. झोतभट्टीतून (ब्लास्ट फर्नेस) निघणाऱ्या कच्च्या लोखंडात ४ टक्क्यांच्या वर कार्बन असतो आणि तो असाच जाळून खाली आणतात. गंधक आणि फॉस्फरस इतके सरळ नाहीत.

गंधकाचं आधी. ते लोखंडाशी संयोग करून आयर्न सल्फाइड होतं. हे सल्फाइड आणि लोखंड यांचं मिश्रण ९८८ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि पोलाद लाटतात ते ११००-१२०० अंशांना. पोलाद आतून बारीक कणांचं बनलेलं असतं, ज्वारीचे दाणे दाटीवाटीने बसवावेत तसं. हे सल्फाइड नेमकं त्या कणांमधल्या सांध्यांत जाऊन बसतं. म्हणजे रोलरखाली सळई येते तेव्हा दाणे घट्ट आणि सांधे पातळ. पुढचं सांगायला नको. लाल सळई कडांना फाटते, तिच्या चिंध्या होतात.

यावर उपाय गंधक काढण्याचा नव्हता. त्याला दुसरा जोडीदार देण्याचा होता. मँगनीजला गंधकाची ओढ लोखंडापेक्षा जास्त. ते गंधकाला पकडून मँगनीज सल्फाइड करतं, आणि हे १६०० अंशांच्याही वर वितळतं. लाटताना ते घन असतं, सांध्यांत न पसरता दाण्यांच्या आत गोळीसारखं पडून राहतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मशेट यांनी १८५६ मध्ये बेसेमर यांच्या पोलादात (त्यांची गोष्ट पुढे येते) मँगनीजयुक्त लोखंड घालून पाहिलं आणि फाटणारं पोलाद लाटता येऊ लागलं. आजही प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्यात, सिलिको-मँगनीज पडतं ते यासाठीही. विदर्भातल्या वाचकांना हे घरचंच वाटेल. मँगनीजच्या खाणी भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत आहेत, मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपूरला आहे, आणि चंद्रपूरला सेल या सरकारी पोलाद कंपनीचा फेरो-अलॉय कारखाना आहे. देशभरातल्या सळ्यांमधलं गंधक गप्प बसवण्यात या पट्ट्याचा मोठा हात आहे.

गंधक नेहमीच नकोसं असतं असंही नाही. पिंपरी-चिंचवडच्या किंवा भोसरीच्या एखाद्या टर्निंग शॉपमध्ये जा. तिथे ईएन-वन-ए नावाचं पोलाद मुद्दाम मागवतात. त्यात पाव टक्क्याच्या आसपास गंधक असतं, म्हणजे टीसीवरच्या सळईच्या सात-आठ पट, आणि ते जाणूनबुजून घातलेलं. कारण मँगनीज सल्फाइडच्या त्या गोळ्यांपाशी चीप, म्हणजे लेथवर सोलून निघणारी धातूची पट्टी, तुटते. साध्या मऊ पोलादाची चीप लांब, कुरळी, टूलभोवती गुंडाळणारी. ईएन-वन-एची चीप बारीक तुकड्यांत पडते, मशीन थांबवून हुकने ओढत बसावं लागत नाही. त्याच पोलादाची सळई ओतून पिलरमध्ये घातली तर मात्र तो गुन्हा ठरेल. गंधक तेच, काम वेगळं.

आता फॉस्फरस, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

फॉस्फरस गरम लोखंडाला त्रास देत नाही, थंडाला देतो. लाटताना सगळं सुरळीत. थंड झाल्यावर तो दाण्यांच्या सांध्यांत जमतो आणि सांधे कच्चे करतो. सळई ताणून पाहिली तर ताकद उलट जास्तच दिसते, पण धक्का बसला की ती न वाकता तुटते. भूकंपात नेमकं हेच नको असतं.

हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये आपली हवा फुंकण्याची पद्धत जाहीर केली. तासन्‌तास चालणारं काम मिनिटांवर आलं. कारखानदारांनी लायसन्सं विकत घेतली, आपापल्या लोखंडावर प्रयोग केले, आणि सगळीकडे निघालं ठिसूळ, निरुपयोगी पोलाद. बेसेमर यांचं चाललं आणि इतरांचं का नाही? त्यांनी योगायोगाने वेल्समधल्या ब्लेनाव्हनचं लोखंड वापरलं होतं. त्यात फॉस्फरस फारच कमी होता. बाकीच्यांच्या लोखंडात तो भरपूर होता, आणि हवा फुंकून तो निघत नव्हता.

निघत का नव्हता, हे समजलं की पोलादाचं निम्मं रसायनशास्त्र समजलं. हवेतला ऑक्सिजन फॉस्फरसला जाळतो, त्याचं ऑक्साइड होतं. इथपर्यंत ठीक. हे ऑक्साइड आम्लधर्मी. त्याला धरून ठेवायला चुन्यासारखं अल्कधर्मी काहीतरी मळीत (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या थरात) हवं, नाहीतर ते परत लोखंडात शिरतं. मग चुना टाकायचा, झालं! पण बेसेमर भट्टीचं अस्तर होतं वाळूच्या जातीच्या दगडाचं, म्हणजे सिलिकाचं. सिलिकाही आम्लधर्मी. चुना टाकला की तो फॉस्फरसकडे न जाता आधी भट्टीचं अस्तरच खाऊन टाकायचा. म्हणजे प्रश्न लोखंडाचा नव्हताच, भट्टीच्या भिंतीचा होता.

हा तिढा सोडवला तो लंडनच्या एका पोलीस कोर्टातल्या कारकुनाने. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस दिवसा कोर्टात आणि संध्याकाळी रसायनशास्त्राच्या वर्गात. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट ब्लेनाव्हनच्याच कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. बेसेमर यांना जिथल्या लोखंडाने चकवलं, तिथेच १८७८ च्या सुमारास या दोघांनी डोलोमाइटचं अल्कधर्मी अस्तर करून पाहिलं. आता चुना टाकला तरी भिंत शाबूत राहिली आणि फॉस्फरस मळीत गेला. फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या लॉरेनसारख्या भागातले फॉस्फरसने भरलेले, म्हणून टाकून दिलेले लोहखनिजाचे साठे एकदम कामाचे झाले. ती मळी दळून खत म्हणून शेतांत पडू लागली, कारण पिकांना फॉस्फरस हवाच असतो. थॉमस मात्र ३४ व्या वर्षी गेला.

ही गोष्ट जुनी म्हणून सांगितली नाही. ती जालन्यात आजही चालू आहे. जालना म्हटलं की बियाण्यांच्या कंपन्या आणि सळ्यांच्या मिल. तिथे आणि राज्यात इतरत्रही भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं सच्छिद्र लोखंड) विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळवून सळ्यांसाठी बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी दांडे, ओततात. या भट्टीचं अस्तर बहुतेक ठिकाणी सिलिकाचं असतं, रॅमिंग मास म्हणून गोण्यांत येणाऱ्या पांढऱ्या भुकटीचं. ते स्वस्त, भट्टी तापल्या-गार झाल्यावर न तडकणारं, बदलायला सोपं. पण आहे आम्लधर्मी. म्हणजे १८५६ ची भिंत. भट्टीत चुना टाकून फॉस्फरस काढायचा म्हटलं की तीच अडचण. म्हणून तिथला अनुभवी मेल्टर फॉस्फरस काढण्यावर नाही, तो आत न येऊ देण्यावर भर देतो. कुठला भंगार माल किती, स्पंज किती, हे चार्जचं, म्हणजे भट्टीत घालायच्या मालाचं, गणित हीच त्याची कला. हीटमधून सॅम्पल काढायचं, स्पेक्ट्रो या तपासणी यंत्रावर ठेवायचं, मिनिटाभरात आकडे येतात. फॉस्फरस जास्त आला तर चांगलं, स्वच्छ भंगार टाकून पातळ करायचा. ज्यांच्याकडे पुढे लॅडल रिफायनिंग भट्टी (ओतण्याआधी पोलाद शुद्ध करायची) आहे, त्यांना गंधक बऱ्यापैकी खाली आणता येतं. फॉस्फरसला त्याचाही फारसा उपयोग नाही, कारण दोघांच्या सवयी उलट्या. चुना दोघांनाही लागतो, पण फॉस्फरसला सोबत भरपूर ऑक्सिजन आणि जरा कमी उष्णता लागते, गंधकाला ऑक्सिजन नसलेलं पोलाद आणि जास्त उष्णता. एकाच भांड्यात एकाच वेळी दोघं निघत नाहीत.

आता तो टीसी परत हातात घ्या. सळ्यांचं भारतीय मानक आयएस १७८६. त्यात एफई ५०० या प्रतीच्या सळईसाठी गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी जास्तीत जास्त ०.०५५ टक्के, आणि दोघं मिळून ०.१०५. एफई ५०० डी साठी प्रत्येकी ०.०४०, मिळून ०.०७५. बेरीज करून बघा, ५५ आणि ५५ म्हणजे ११०. दोघांनाही एकदम मर्यादेपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एकाने गाठली तर दुसऱ्याने मागे राहायचं, असा तो हिशेब आहे. डी म्हणजे ताणलं जाण्याची क्षमता. साध्या ५०० ला तुटण्याआधी १२ टक्के लांबणं पुरतं, डी ला १६ टक्के लागतं. दोघींची ताकद सारखीच मोजली जाते. किलोमागे काही रुपये जास्त द्यायचे ते या चार टक्क्यांचे. मला विचाराल तर घर बांधताना टाइल्सवर काटकसर करा, या अक्षरावर नको.

आणि आता याच मानकातली गंमत. त्याच कागदात पुढे एक टीप आहे: गंजरोधक सळईत तांबं, क्रोमियम, निकेल, मोलिब्डेनम यांच्यासोबत फॉस्फरसही मुद्दाम घालता येतो, थेट ०.१२ टक्क्यांपर्यंत. अट अशी की तो वरच्या मर्यादेपलीकडे गेला तर कार्बन ०.१५ च्या आत ठेवायचा. ज्याला दोन पानांआधी हाकलून लावलं, त्याला इथे पाट मांडून बसवलंय! कारण फॉस्फरस गंजाला अडवतो. दिल्लीच्या कुतुबमिनार परिसरातला लोहस्तंभ सोळाशे वर्षं उभा आहे, आणि आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं की त्याचं मोठं कारण त्यातला फॉस्फरस आहे, सुमारे पाव टक्का. जुन्या भारतीय भट्ट्यांत चुना वापरत नसत, म्हणून तो लोखंडात राहून गेला. पृष्ठभागावर त्याने एक घट्ट, चिकटून राहणारा थर तयार केला. स्तंभाला कोणी वाकवायला जात नाही, तेव्हा ठिसूळपणाची फिकीर नाही.

तर काढता काय येतं आणि काय नाही, याचा एक ढोबळ नियम आहे. वितळलेल्या पोलादात ऑक्सिजन फुंकला की ज्याला लोखंडापेक्षा ऑक्सिजनची हाव जास्त, तो आधी जळतो: ॲल्युमिनियम, सिलिकॉन, मँगनीज, क्रोमियम, कार्बन. जो लोखंडापेक्षा निवांत, तो जळतच नाही. सगळं लोखंड जाळून संपवलं तरी तो तसाच राहील. निकेल, कोबाल्ट, मोलिब्डेनम, कथील आणि तांबं त्या गटातले. जस्ताची गोष्ट सोपी. ते ९०७ अंशांना उकळतं, वाफ होऊन धुराड्यात जातं.

निकेल राहिलं तर कोणी तक्रार करत नाही, ते महागडं आणि उपयोगी. स्टेनलेसचं उदाहरण घ्या. किमान १०.५ टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसतो, ओरखडा पडला तरी परत भरून येतो. क्रोमियम १८ टक्क्यांवर नेऊन सोबत ८ टक्के निकेल घातलं की पोलादाची आतली रचना बदलते आणि लोहचुंबक चिकटेनासा होतो. हे झालं ३०४, डब्यावर १८/८ असं लिहिलेलं असतं ते. यावरून बायकांनी आणि दुकानदारांनी मिळून एक परीक्षा शोधून काढली: चुंबक चिकटला नाही तर अस्सल. ती अर्धीच खरी. २०२ सारख्या स्वस्त जातींत निकेल कमी करून त्या जागी मँगनीज आणि नायट्रोजन घालतात. चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट ४३० या जातीत निकेल नसतं, चुंबक चिकटतो, तरी ते खरं स्टेनलेस, आणि इंडक्शन शेगडीवर चालतं तेच. २०२ ची रेलिंग पुण्यात वर्षानुवर्षं चकाकते. मालवणला खाऱ्या वाऱ्यात तिच्यावर लवकरच चहासारखे तांबूस डाग दिसू लागतात. तिथे २ टक्के मोलिब्डेनमचं ३१६ लागतं.

मधेच एक आडवळण घेतो. बोरॉन हा मूलद्रव्यांतला सगळ्यात कमी खाणारा आणि सगळ्यात जास्त राबणारा. ०.००१ ते ०.००३ टक्के पुरे, पोलाद पाण्यात खोलवर कडक होतं, म्हणून बोल्टसाठी त्याचा वापर. जागतिक कस्टमच्या वर्गवारीत ०.०००८ टक्के बोरॉन असलं की पोलाद मिश्र गणलं जातं. एका टनात ८ ग्रॅम! चीनमध्ये मिश्र पोलादाच्या निर्यातीवर कर परतावा मिळत असे. तेव्हा साध्या पोलादात चिमूटभर बोरॉन टाकून ते मिश्र म्हणून जगभर गेलं. १ जानेवारी २०१५ पासून चीननेच बोरॉनवरचा तो परतावा बंद केला. मग चिमूट क्रोमियमची झाली. ते बोरॉन धातूशास्त्रासाठी नव्हतं, हिशेबाच्या वहीसाठी होतं.

हायड्रोजनचं थोडक्यात. दहा लाखांत दोन-तीन भाग एवढाही मोठ्या शाफ्टला आतून तडे पाडू शकतो. तो येतो दमट चुन्यातून, ओल्या भंगारातून, हवेतल्या बाष्पातून. पावसाळ्यात भट्टीवाले भंगार वाळवण्याची काळजी घेतात, त्यात हे एक कारण. दुसरं जास्त निकडीचं: पाणी अडकलेला तुकडा वितळलेल्या लोखंडात गेला तर स्फोट होतो.

आणि शेवटी तांबं. टीसीवर त्याचा रकाना बहुतेकदा नसतोच. तेही गंजाला अडवतं, रेल्वेचे डबे ज्या हवामानरोधक पोलादाचे करतात त्यात ते मुद्दाम असतं. पण भंगारातून नकळत आलेलं तांबं वेगळं वागतं. बिलेट परत तापवताना वरचं लोखंड हवेत जळून खवले होतं. तांबं जळत नाही, ते खवल्याखाली साठत जातं. १०८५ अंशांना ते वितळतं आणि दाण्यांच्या सांध्यांत झिरपतं. रोलरखाली पृष्ठभाग भेगाळतो, गंधकाच्या गोष्टीसारखाच, पण इथे मँगनीज मदतीला येत नाही. सळईत साधारण ०.४ टक्क्यांपर्यंत तांबं खपून जातं. गाडीच्या दाराचा खोल दाबलेला पत्रा ०.०६ च्या वर फारसा चालवून घेत नाही. गाडी भंगारात जाते तेव्हा तिच्यासोबत वायरिंग, छोट्या मोटारी, अल्टरनेटर सगळं जातं. श्रेडरने तुकडे केले, वर चुंबक फिरवला, तरी मोटारीच्या लोखंडी आर्मेचरवर (फिरणाऱ्या गाभ्यावर) गुंडाळलेली तार आर्मेचरसोबत उचलली जाते. प्रत्येक फेरीत ते थोडं वाढतं. काढायचा मोठ्या प्रमाणावर परवडणारा मार्ग अजून कुठल्याच भट्टीत नाही. उरतं ते पातळ करणं. स्पंज आयर्न खनिजातून थेट येतं, त्यात फॉस्फरस असला तरी तांबं जवळपास नसतं. म्हणजे एकाने आणलेला त्रास दुसऱ्याने हलका करायचा, चार्जच्या गणितात ही बेरीज-वजाबाकी रोज चालते.

त्याआधी मात्र एक जण आहे. कुठल्याही एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर, पत्र्याच्या शेडखाली, जुनी पंपाची मोटार दोन पायांत धरून बसलेला. छिन्नी आणि हातोडीने तो स्टेटरची (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाची) एक बाजू कापतो, वाइंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, ओढून काढतो. तांबं एका गोणीत, लोखंडाच्या पट्ट्या दुसऱ्या ढिगात. तांब्याला भंगाराच्या कित्येक पट भाव मिळतो म्हणून तो हे करतो, पोलादासाठी नाही. त्या ढिगातलं लोखंड संध्याकाळी टेम्पोत भरलं जातं. पुढे भट्टी, लॅडल, मिल, सगळं लागतं. तांबं काढणारं त्या वाटेवर दुसरं काही लागत नाही.